आधी तोंडाने, मग बोटांनी : टाइम सिग्नेचरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात स्टाफ नोटेशनच्या पाच रेघा आणि त्यांवरचे स्वर याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात : स्वर ओळखता येतात, पण मोजायला लागलं की सगळं विस्कटतं. म्हणून या वेळची सगळी जागा ठोक्यांना दिली आहे.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, पियानो शिकते. स्वर पटापट वाचते. पण 'मोजून वाजव' म्हटलं की दर नोटेला एक आकडा म्हणते, नोट लांब असो की आखूड. तिच्या टीचर म्हणतात, घरी मोजून घ्या. मला स्वतःला संगीतातलं काही येत नाही. मी काय करू?
– एक आई, नाशिक

तुमची मुलगी मोजते आहे, पण ठोके नाही, नोटा मोजते आहे. हे फार मुलं करतात आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सुरुवातीच्या पुस्तकांतल्या धुनाच तशा असतात. बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली 'ओड टू जॉय'ची धून तिच्या पुस्तकात नक्की असेल. सोप्या रूपात ती अशी येते :

ई ई एफ जी | जी एफ ई डी | सी सी डी ई | ई डी डी

वर ४/४ लिहिलेलं असतं, हीच टाइम सिग्नेचर. म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) चार ठोके. पहिल्या तीन बारांत दर ठोक्याला बरोबर एक नोट आहे. तिथे नोटा मोजल्या काय आणि ठोके मोजले काय, उत्तर एकच येतं. खरी परीक्षा चौथ्या बारला होते. तिथे नोटा तीन आणि ठोके चार. मुलगी 'एक, दोन, तीन' म्हणून मोकळी होते, आणि बार एका ठोक्याने आखूड पडतो.

हा एकच बार घेऊन बसा. पहिल्या 'ई'पुढे टिंब आहे. टिंबामुळे नोट स्वतःच्या निम्म्याने वाढते, म्हणजे एका ठोक्याची नोट दीड ठोक्याची होते. मधला 'डी' अर्ध्या ठोक्याचा. शेवटचा 'डी' दोन ठोक्यांचा. दीड, अर्धा, दोन, मिळून चार. आता पियानोचं झाकण बंद ठेवा. तुम्ही टेबलावर एकसारखी थाप द्या आणि मोठ्याने म्हणा : 'एक-न, दोन-न, तीन-न, चार-न'. थाप आकड्यावर, 'न' दोन थापांच्या बरोबर मध्ये. मुलीने त्यावर स्वरांची नावं म्हणायची. 'एक'वर 'ई' सुरू होतो आणि 'दोन' उलटून जाईपर्यंत ती 'ईऽऽ' धरून ठेवते. 'दोन'नंतरच्या 'न'वर झटकन 'डी'. 'तीन'वर दुसरा 'डी', तो 'चार-न' संपेपर्यंत. मग अदलाबदल करा : आकडे आणि थाप तिची, स्वर तुमचे. तुम्ही चुकलात तर तिला आनंदाने दुरुस्त करू द्या. दुसऱ्याची चूक पकडण्यासाठी मूल स्वतःचा ठोका घट्ट धरून ठेवतं. यासाठी तुम्हाला संगीत येण्याची गरज नाही, थाप एकसारखी ठेवता आली की पुरे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी स्वतः असंच शिकले. माझे वायोलिनचे सर गोव्याचे होते. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज शिकवायची पद्धत होती : हाताने ठोका दाखवायचा आणि तोंडाने दो-रे-मी वाचायचं. वाद्य नंतर. सरांनीही आम्हाला वायोलिनची पेटी उघडू देण्याआधी महिनोन्‌महिने नुसतं वाचायला लावलं. चार ठोक्यांना हात खाली, आत, बाहेर, वर. तीन ठोक्यांना खाली, बाहेर, वर. खाली येणारा हात नेहमी बारच्या पहिल्या ठोक्याचा. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे वादक आणि अरेंजर इतक्या मोठ्या संख्येने का होते, याचं एक मुख्य कारण हे वाचन आहे. स्टँडवर कागद आला की तो वाचून वाजवता येत असे. मुलीला हाताची ही चाल शिकवा. हात हवेत फिरत असला की लांब नोटेवर तो थांबत नाही, आणि थांबला तर दोघींनाही लगेच दिसतं.

बारीक तुकड्यांसाठी मी आपले बोल वापरते. एका ठोक्यात एक नोट असेल तर 'धा', दोन असतील तर 'धागे', तीन असतील तर 'तकिट', चार असतील तर 'तिरकिट'. मराठी घरातल्या मुलाच्या तोंडात हे बोल सहज बसतात. विशेषतः चार नोटांचा ठोका 'तिरकिट' म्हणून जितका समान येतो, तितका आकड्यांनी येत नाही.

तिच्या परीक्षेचा विचार तुमच्या मनात असेलच. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पहिल्या ग्रेडच्या ऑरल (ऐकून ओळखायच्या) चाचणीत परीक्षक एक तुकडा वाजवतात, मुलाने त्यावर ठोक्याला टाळी द्यायची आणि धून दोनाची की तीनाची ते सांगायचं. नोटेगणिक टाळी देणारं मूल तिथे अडतं. ही सवय आत्ताच सुटलेली बरी.

३/४ म्हणजे पाऊण का? मी बँकेतून निवृत्त झालो, कीबोर्ड शिकतोय. अपूर्णांक दिसला की डोकं तिकडेच जातं. वरचा आकडा कळतो, खालचा कळत नाही. आणि कुठे कुठे आकडे नसून 'सी' लिहिलेला असतो, तो काय?
– एक वाचक, ठाणे

अपूर्णांक नाही. छापील नोटेशनमध्ये नीट पाहा, दोन आकड्यांच्या मध्ये रेघ नसते, नुसते एकावर एक ठेवलेले असतात. वरचा आकडा सांगतो किती, खालचा सांगतो कशाचे. तुमच्या भाषेत सांगायचं तर वर नोटांची संख्या आणि खाली नोट कितीची ते.

सेमिब्रीव्ह ही पोकळ, दांडी नसलेली नोट पूर्ण धरली आहे. तिचे दोन भाग केले की मिनिम, म्हणून मिनिमचा आकडा २. चार भाग केले की क्रोचेट, तिचा ४. आठ भागांची क्वेव्हर, तिचा ८. सोळा भागांची सेमिक्वेव्हर, तिचा १६. अमेरिकी पुस्तकांत याच नोटांना होल, हाफ, क्वार्टर, एट्थ म्हणतात, तिथे आकडा नावातच आहे. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची पुस्तकं असतील तर गोंधळ त्यामुळेही होत असेल. एकच पद्धत धरा. खाली ३ किंवा ५ का दिसत नाही, हेही यातून कळेल : नोटा निम्म्या-निम्म्याने लहान होत जातात, तिसऱ्या हिश्शाची वेगळी नोट नाही.

तेव्हा ३/४ म्हणजे एका बारमध्ये तीन क्रोचेट. ३/८ म्हणजे तीन क्वेव्हर. आता महत्त्वाचं : खालचा आकडा मोठा झाला म्हणून धून जलद होत नाही. वेग वेगळा लिहिलेला असतो, तुकड्याच्या सुरुवातीला, शब्दांत किंवा मेट्रोनोमच्या (एकसारखी टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या) आकड्यात. संथ ३/८ असतं आणि धावतं ३/२ही असतं.

तो 'सी' हे अक्षर नाही, अर्धवट वर्तुळ आहे. चौदाव्या शतकातल्या युरोपात तीनाच्या विभागणीला पूर्ण मानत आणि तिच्यासाठी पुरं वर्तुळ काढत. दोनाच्या विभागणीला अपुरं मानून तुटकं वर्तुळ काढत. ते तुटकं वर्तुळ आजवर टिकलं आणि ४/४ची खूण झालं. त्यातून उभी रेघ गेली असेल तर २/२ समजा, म्हणजे मिनिमला ठोका.

मी तबला वाजवतो. आमच्या ग्रुपमधला कीबोर्डवाला तीनतालाला 'फोर-फोर' म्हणतो, रूपकला 'सेव्हन-एट', झपतालाला 'फाइव्ह-फोर'. तालमीत मात्र आम्ही कुठे ना कुठे सुटतोच. त्याचं चुकतंय की माझं?
– एक तबलावादक, मिरज

दोघांचंही मोजणं बरोबर असणार. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजताय. टाइम सिग्नेचर एका बारची लांबी सांगते आणि तिथेच तिचं काम संपतं. असे किती बार मिळून एक फेरा होतो, हे ती सांगत नाही. तिला आवर्तन ठाऊक नाही.

तीनताल घ्या. सोळा मात्रा, म्हणजे ४/४चे चार बार. तुम्हाला नवव्या मात्रेवर 'धा'च्या तोंडातून 'तिं तिं ता'कडे जाणारी खाली, म्हणजे टाळीऐवजी हात उताणा करायची जागा, ऐकू येते. तुम्ही डोळे मिटून असलात तरी कुठे आहात ते कळतं. त्याच्या कागदावर तिसरा बार अगदी पहिल्यासारखाच दिसतो. त्यामुळे तो एखादा बार गाळला तरी त्याला काही हरवल्यासारखं वाटत नाही. उपाय कागदावरच करा. दर चार बारांनंतर दुहेरी रेघ मारायला सांगा, आणि समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, बारवर भातखंडे पद्धतीचा गुणिला, खालीच्या बारवर शून्य. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी जागा तिहाईची, म्हणजे तीनदा वाजवायच्या एकाच तुकड्याची. तुमची तिहाई समेवर संपते. तुमच्या लेखी सम हे पोहोचायचं ठिकाण. त्याच्या लेखी पहिला ठोका म्हणजे नवी सुरुवात, म्हणून तो चौथ्या बारच्या शेवटी तुकडा 'पूर्ण' करून हात उचलतो, आणि तुमचा शेवटचा 'धा' एकटा पडतो. ती शेवटची नोट त्याने पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर लिहिलेली हवी. ती लिहिली की बघा, अर्धी भांडणं संपतील.

झपताल ५/४ म्हणता येईल, पण पाच कसे तोडले ते महत्त्वाचं. झपताल दोन-तीन, दोन-तीन. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचं १९५९ सालचं 'टेक फाइव्ह' हे सुद्धा ५/४ आहे, मात्र तिथे पियानो तीन-दोन असा चालतो. कीबोर्डवाला जॅझ ऐकून पाच शिकला असेल तर त्याच्या डाव्या हाताचं वजन तुमच्या तिसऱ्या मात्रेऐवजी चौथीवर पडेल. दोघेही पाचच मोजता आणि तरी एकमेकांना टोचता. त्याला चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भाग ऐकवा. १८९३ची रचना, ५/४, आणि ती दोन-तीन अशी चालते. आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते.

रूपकचं दुखणं मात्र खरं आहे. 'ती ती ना, धी ना, धी ना', तीन-दोन-दोन. सात क्वेव्हर लिहिताना त्याने बीमचे (नोटा जोडणाऱ्या जाड रेघांचे) गठ्ठे तसेच बांधले तर विभाग कागदावर दिसतील. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर आपण खालच्या अर्धचंद्राने बांधतो, तसेच इथे क्वेव्हरचे गट वरच्या जाड रेघेने बांधले जातात. पण रूपकची सम 'खाली'च्या जागी आहे, आणि पाश्चात्त्य वाचनात बारचा पहिला ठोका वजनदार हे गृहीतच असतं. तो पहिल्यावर जोरात कॉर्ड मारणार आणि तुमची हलकी 'ती' त्याखाली दबणार. याला कागदी उपाय अपुरा आहे. त्याला शेजारी बसवा, हाताने ताल देत ठेका म्हणायला लावा, पहिल्याला हात उताणा, चौथ्याला आणि सहाव्याला टाळी. रूपकची सम हलकी असते हे त्याच्या हातात उतरलं की कॉर्ड आपोआप मऊ पडेल. त्यासाठी तुमच्या ग्रुपने एखादी तालीम खर्च करावी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये मी ऑल्टो गाते. दोन शंका. ३/४ आणि ६/८, दोन्हींत सहा क्वेव्हर बसतात, मग दोन सिग्नेचर कशाला? आणि काही गीतांत पहिल्याच बारमध्ये एकच नोट असते. छपाईची चूक का?
– एक वाचक, वसई

दुसरी शंका आधी. चूक नाही. गाणं पहिल्या ठोक्याच्या आधी सुरू होतं, इतकंच. ४/४मध्ये सुरुवातीला एकटी क्रोचेट दिसली तर ती चौथ्या ठोक्याची. मनात 'एक, दोन, तीन' म्हणा आणि 'चार'वर गायला लागा. शेवटचा बार बघा, तो बहुतेक तीनच ठोक्यांचा असेल, हिशेब तिथे पुरा होतो. बार मोजतानाही हा अपुरा बार सोडून पुढच्या पूर्ण बारला पहिला म्हणतात. क्वायरमास्टर 'पाचव्या बारपासून' म्हणतील तेव्हा हे लक्षात असू द्या. सतार ऐकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही : मसीतखानी गत तीनतालाच्या बाराव्या मात्रेपासून उठते आणि समेवर येते. सुरुवातीचा शब्द हलका, वजन पुढच्यावर.

आता सहा क्वेव्हर. सहा शेंगदाणे दोघांत वाटले तर तीन-तीन, तिघांत वाटले तर दोन-दोन. ३/४मध्ये ठोके तीन, प्रत्येकात दोन क्वेव्हर : एक-न, दोन-न, तीन-न. ६/८मध्ये ठोके दोन, प्रत्येकात तीन क्वेव्हर : एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. म्हणजे ६/८चा ठोका ही टिंबवाली क्रोचेट. वरचा आकडा 'किती' सांगतो असं मी ठाण्याच्या वाचकांना लिहिलं, ते ६/८ला जरा वेगळ्या अर्थाने लागू आहे. तिथे सहा मोजले जातात, पण पाय दोनदाच पडतो. ९/८मध्ये तीनदा, १२/८मध्ये चारदा.

गाताना दोन्ही हातांनी करून बघा. डाव्या तळहाताने मांडीवर सहा समान थापा देत राहा, थांबू नका. उजव्या हाताने आधी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या थापेवर टाळी द्या. ते ३/४. मग तसाच डावा हात चालू ठेवून पहिल्या आणि चौथ्यावर. ते ६/८. सहा थापा त्याच, वेग तोच, आणि तरी चाल पुरती बदलते. आकडे म्हणताना 'सहा' लांबतो आणि पुढचा 'एक' उशिरा येतो, म्हणून ६/८ला मी 'एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन' असं म्हणायला सांगते.

कागदावर ओळख पटवायची तर बीम पाहा. ६/८मध्ये क्वेव्हर तीन-तीनच्या जुडीत बांधलेल्या असतात, ३/४मध्ये दोन-दोनच्या, किंवा कधी सहाच्या सहा एकत्र. कानाने ओळखायची तर सहा मात्रांचा दादरा ताल आठवा, 'धा धी ना, धा ती ना'. दादरा अंगात असलेल्याला ६/८ शिकवावं लागत नाही, फक्त त्याचं नाव सांगावं लागतं. गोव्यातला मांडो आणि त्यानंतर येणारं दुलपदही एकामागून एक ऐका. मांडो संथ, सहसा ६/४मध्ये लिहिलेला. दुलपद चपळ, ६/८. हाताने खाली-वर करत ऐकलंत तर दोन्हींतले सहा कसे वेगळे चालतात ते कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर कळेल.

मेट्रोनोम लावला की माझं सगळं चुकतं, बंद केला की बरोबर येतं. मग लावायचा कशाला?
– एक वाचक, सिंगापूर

बंद केल्यावर बरोबर 'वाटतं'. अवघड बारला तुम्ही हळू होता आणि सोप्याला पळता, आणि ते ऐकायला त्या वेळी खोलीत कुणी नसतं.

मेट्रोनोमचं पेटंट योहान मेल्झेलने १८१५ साली घेतलं, आणि बेथोवननेही स्वतःच्या सिंफनींवर त्याचे आकडे लिहिले. तेव्हापासून आकड्याचा अर्थ एकच : मिनिटाला इतके ठोके. ६० म्हणजे सेकंदाला एक.

वाद्य खाली ठेवा आणि ६०वर लावून तुकडा नुसता वाचा, आकडे म्हणत, टाळी देत. तोंडाने न अडखळता वाचता येत नसेल तर बोटांना दोष देऊ नका. ते जमलं की वाद्य घ्या, पण सगळा तुकडा नको, सर्वांत अवघड दोन बार आणि त्यांच्या मागचा-पुढचा एकेक. वेग वाढवायचा तर जुन्या मेट्रोनोमवर ज्या पायऱ्या कोरलेल्या असतात त्यांनी वाढवा : ६०, ६३, ६६, ६९, ७२. मधली पायरी गाळू नका. त्यानंतर ठोका कमी करा. ४/४ असेल तर मेट्रोनोम अर्ध्या आकड्यावर आणून त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते आहे असं समजून वाजवा. पहिला आणि तिसरा ठोका तुम्हीच सांभाळायचा. काही ॲपमध्ये मधले बार मुके ठेवता येतात. दोन बार वाजते, दोन बार मुके असं लावा. आवाज परत येईल त्या क्षणी तुम्ही त्याच्याबरोबर असाल, तर पुढची पायरी घ्या. पुढे गेला असाल तर त्या मुक्या बारांत तुम्ही कुठली लांब नोट आखूड केलीत ते शोधा. बहुतेक वेळा ती टिंबवालीच निघते.

('टाय'बद्दल, म्हणजे बारच्या रेघेपलीकडे बांधलेल्या नोटांबद्दल, आलेल्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तर देईन. तोवर 'ओड टू जॉय'ची मूळ सिंफनीतली चाल ऐकून ठेवा. शेवटची ओळ तिथे एक ठोका आधीच, चौथ्यावर सुरू होते आणि ती नोट रेघ ओलांडून पुढच्या पहिल्या ठोक्यावर धरलेली राहते. सोप्या पुस्तकांत हे बरेचदा सरळ करून टाकलेलं असतं. ती जागा स्वतः मोजून बघा आणि तुम्ही कशी मोजलीत ते मला लिहा.)